अर्जाचं मागचं पान

समुपदेशनाचा आमचा अभ्यासक्रम सुरू होतो त्या पहिल्या दिवशी मी विद्यार्थ्यांच्या हातात एक अर्ज ठेवते. क्लायंट पहिल्यांदा येतो तेव्हा त्याच्याशी बोलता बोलता भरायचा. एकच कागद. पुढच्या बाजूला चार प्रश्न, मागची बाजू कोरी. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, मागचं छापायचं राहिलंय का?" मी म्हणते, "राहिलेलं नाही. संध्याकाळपर्यंत थांबा."

हा अर्ज माझ्या नावावर चालतो. दोन-चार संस्थांनी तो मागून नेला. एका कार्यशाळेत माझी ओळख करून देताना 'मॅडमच्या तीस वर्षांच्या अनुभवाचा अर्क' असा त्याचा उल्लेख झाला, तेव्हा मी खाली बघत बसले. लोकांना तो विनय वाटला असणार. खरं कारण असं की त्या कागदावरचा एकही प्रश्न माझा नाही. प्रत्येक प्रश्न मला कुणी ना कुणी दिलेला आहे, आणि देताना बहुतेकांना आपण काही देतोय याचा पत्ताही नव्हता. हे हिशेब चुकते होण्यातले नाहीत. निदान खाती कोणाच्या नावाची आहेत तेवढं लिहून ठेवावं, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात मागच्या पानापासून करते, कारण तेच सगळ्यात जुनं आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून, थकून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावंच्या गावं बसली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, एकोंडी ही नावं त्या आठवड्यात महाराष्ट्रभर पाठ झाली. मी तेव्हा पुण्यात मानसशास्त्राचं एम.ए. करत होते. दिवाळी तोंडावर आलेली असताना आम्ही आठ-दहा जण एका ट्रकमधून तिकडे गेलो. ट्रकमध्ये ब्लँकेटं होती, आणि माझ्या शबनममध्ये सायक्लोस्टाइल केलेली प्रश्नावली. हॉस्टेलवर एका रात्रीत इंग्रजीतून मराठीत उतरवलेली. 'गेल्या आठवड्यात तुम्हाला किती वेळा उदास वाटलं? कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, सतत.' असे पंचवीस प्रश्न.

पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारी मदतीत आलेली तूरडाळ निवडत बसली होती. मुलगा, सून आणि दोन नातवंडं गेल्याचं बाहेरच कुणीतरी सांगितलं होतं. मी समोर बसले, आवाज शिकवल्याप्रमाणे मऊ केला आणि विचारलं, "आजी, तुम्हाला कसं वाटतंय?"

"काय वाटायचं, लेकरा? समद्यांचंच गेलं."

मी कागदावर 'सतत'पुढे खूण केली. तिनं ते पाहिलं. "किती हायेत अजून?"

"चोवीस."

"मग बस नीट. आधी हे निवडू लाग." तिनं सूप माझ्याकडे सरकवलं.

तासभर आम्ही डाळीतले खडे काढत बसलो. मी काही विचारलं नाही, कारण खडे वेचताना प्रश्न विचारायला जमत नव्हतं. मग तिचं तीच बोलू लागली. माणसांबद्दल नाही, भिंतीबद्दल. सासऱ्यानं उभारलेली दगड-मातीची भिंत. इतकी रुंद की तिच्यावर आडवं झोपलं तरी माणूस पडणार नाही. वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात घर गार राहायचं, थंडीत ऊब धरायचं. "तिच्याच भरवश्यावर निजत हुतो," ती म्हणाली, आणि पुन्हा डाळीत डोकं घातलं. त्या भागात इतकी माणसं का दगावली याचं उत्तर पुढे अभियंत्यांच्या अहवालांत मी वाचलं. मातीत रचलेले वजनदार दगड, डोक्यावर मातीचं ओझं. पण जिच्या भरवशावर झोपायचं तीच अंगावर येते म्हणजे काय, हे त्या अहवालांत नव्हतं, आणि माझ्या पंचवीस प्रश्नांतही नव्हतं.

निघताना मी प्रश्नावली पिशवीत घालू लागले तर म्हातारी म्हणाली, "कोरा कागूद न्हेऊ नगंस. तुझा मास्तर रागावंल. तुला काय वाटंल ते लिही." चार माणसं गमावलेल्या बाईला माझ्या गृहपाठाची काळजी पडली होती. पुढच्या प्रश्नांवर खुणा करायचं धाडस मला झालं नाही. मी कागद पालथा केला आणि मागच्या बाजूला भिंतीची गोष्ट लिहून काढली.

ज्या मास्तरांची तिला काळजी होती ते रागावले नाहीत. सर निवृत्त प्राध्यापक होते. पुण्यातल्या आपल्या घराच्या बाहेरच्या खोलीत दर शनिवारी पाच-सहा जणांना समुपदेशन शिकवायचे. मी चाळीस अर्ज पुढे ठेवले. त्यांनी ते पत्त्यांसारखे झरझर चाळले. बहुतेकांवर 'कधीकधी'समोर ओळीनं खुणा होत्या. मागं लिहिलेला कागद आला तेव्हा त्यांनी चष्मा चढवून तो दोनदा वाचला. "चाळिसांत हा एक कामाचा आहे," म्हणाले. "आणि तो तुझ्या प्रश्नांमुळे नाही आलेला."

पुढची अठरा वर्षं, सर जाईपर्यंत, माझं शिक्षण त्या बाहेरच्या खोलीत चाललं. तो काळ पंथांच्या भांडणांचा होता. पुण्या-मुंबईत एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा चांगला बोलबाला होता, कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणून रुजवली होती. कुणी रॉजर्सचे, कुणी फ्रॉइडचे, कुणी वर्तनवादी. एका गटाचा माणूस दुसऱ्याच्या व्याख्यानाला जायचा तो चुका काढायला. सर कुठल्याच गटात नव्हते. समन्वयी विचार हा त्यांचा विषय. पण सगळ्यांचं थोडं थोडं घेतलं की समन्वय होतो, असं कुणी म्हटलं की ते वैतागत. "मिसळणाचा डबा घरात असला म्हणून स्वयंपाक येतो का? मोहरी कधी घालायची आणि कधी नाही घालायची, हे डब्यात लिहिलेलं नसतं."

ते आम्हाला साल-सनावळीनिशी शिकवत. १९३६ मध्ये सॉल रोझेनझ्वाइग नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञानं एक छोटा लेख लिहिला. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'मधल्या डोडो पक्ष्याची शर्यत आठवते? सगळे वाट फुटेल तिकडे धावतात आणि शेवटी सगळेच जिंकले असं ठरतं. वेगवेगळ्या उपचारपद्धतींचं तसंच असावं, असं तो म्हणाला. गुण येतो तो सगळ्यांत समान असलेल्या गोष्टींमुळे. १९६१ मध्ये जेरोम फ्रँकनं त्या समान गोष्टी मांडल्या: विश्वासाचं नातं, बरं करण्यासाठी राखलेली जागा, आपल्या त्रासाचा पटणारा अर्थ लावणारी गोष्ट, आणि त्या गोष्टीला धरून दोघांनी मिळून करायचा एखादा विधी. सर इथं थांबायचे आणि विचारायचे, "या चारही गोष्टी देवळात आहेत की नाहीत? देवऋष्याकडे आहेत की नाहीत? मग तुमच्याकडे येणारा माणूस आधी तिथं जाऊन आला असेल तर त्याला अडाणी का समजता? तुमची गोष्ट त्याला पटायला हवी. ती त्याच्या भाषेत सांगता येते का ते बघा."

भाषा हा सरांचा खरा ध्यास. 'समुपदेशन' या शब्दावरच त्यांचा राग. "आपल्या धंद्याच्या नावातच उपदेश आहे. आणि रॉजर्स सांगतो उपदेश करू नका. आता येणाऱ्यानं काय समजायचं?" लोक खरंच उपदेश मागायला येतात. डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्येच लिहून ठेवलं होतं की भारतीय माणूस उपचारकर्त्याकडे गुरू-शिष्याच्या नात्याच्या अपेक्षेनं येतो. मी नवखी असताना एक गृहस्थ तीन सेशनं बोलले आणि चौथ्याला म्हणाले, "ताई, तुम्हाला येतंय पण तुम्ही सांगत नाही." मी सरांकडे तक्रार घेऊन गेले. सर म्हणाले, "त्याच्या लेखी तू पाणी असून तहानलेल्याला देत नाहीस. पहिल्या दिवशी घोटभर दे. मग विहीर कुठंय ते दाखव."

दुसरा धडा 'वाटणे' या क्रियापदाचा. एलिसचा सगळा उपचार विचार आणि भावना वेगळ्या करण्यावर उभा. मराठीत दोन्हीला एकच शब्द. मला वाईट वाटतं, ही भावना. मला वाटतं तो येणार नाही, हा विचार. आणि मला वाटतं मी नालायक आहे, यात दोन्ही. "एलिस सदाशिव पेठेत जन्मला असता तर त्याला आधी या क्रियापदाशी भांडावं लागलं असतं," सर म्हणायचे. तसंच रागाचं. पाठ्यपुस्तक सांगतं, क्लायंटला आपली भावना 'मी'पासून सुरू करायला शिकवा. पण मराठी माणूस सहसा रागाचा मालक होत नाही. त्याला राग येतो. भीती वाटते, रडू फुटतं, जिवाची उलघाल होते, काळजात धस्स होतं. भावना पाहुण्यासारखी येते आणि माणूस 'मला' होऊन बाजूला उभा राहतो. आमच्यापैकी काही जण याला जबाबदारी टाळणं म्हणत आणि क्लायंटची वाक्यं दुरुस्त करत. पुढे ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांचं काम वाचनात आलं. समस्येला माणसापासून सुटी करून तिच्याबद्दल बोलायचं, ही त्यांची पद्धत. त्यांना ती घडवावी लागली होती. आमच्या व्याकरणात ती बसलेलीच होती. तेव्हापासून मी 'तुम्हाला इतका राग का येतो' असं विचारणं सोडलं. राग येतो तेव्हा सोबत कोणाला घेऊन येतो, किती वेळ बसतो, काय खाऊन-पिऊन जातो, असं विचारते. लोक हसतात आणि नेमकं सांगतात.

अर्जातला दुसरा प्रश्न सरांचा: 'हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं?' तो मुळात आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७८ च्या लेखातला. आजाराचा डॉक्टरचा अर्थ आणि रुग्णाचा अर्थ वेगळा असतो, तेव्हा रुग्णाचा आधी विचारून घ्या, असं त्यांचं म्हणणं. सरांनी त्याला अस्सल मराठी 'वाटतं' जोडलं. कुणी म्हणालं करणी केलीय, तर पहिल्या दिवशी वाद घालायचा नाही. कोणी केली, ते विचारायचं. उत्तरात जाऊ, भावजय, शेताचा बांध, सगळं घर बाहेर येतं. त्या माणसाची अंधश्रद्धा राखायला हा प्रश्न नाही. नुसता समज खोडून काढला तर बांध तसाच राहतो.

तिसरा प्रश्न माझ्या एका चुकीतून आला. त्या चुकीचं ऋण कसं मानायचं ते मला अजून कळलेलं नाही.

१९९८ ची गोष्ट. पुण्यातल्या एका केंद्रात मी काम करत होते. चोविसेक वर्षांची एक सून यायची. पहाटेपासून राबायची, शिक्षण अर्धवट सुटलेलं, सासूसमोर तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी नुकतंच ठामपणे बोलण्याचं प्रशिक्षण घेऊन आले होते. सहा आठवडे आम्ही सराव केला. मी सासू व्हायचे, ती नकार द्यायची. सहाव्या आठवड्यात तिला सुरेख जमलं. सातव्या आठवड्यात ती आली नाही. पुढेही कधी नाही. बऱ्याच दिवसांनी कळलं की तिनं घरी तसंच, मी शिकवलं तसंच वाक्य उच्चारलं होतं. त्याच संध्याकाळी तिला माहेरी पाठवलं, आणि माहेरच्यांनीही तिलाच बोल लावला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि बॉर्डिन काढला. एडवर्ड बॉर्डिन, १९७९: उपचारातला सहयोग तीन गोष्टींनी बनतो. दोघांतला बंध, ध्येयाबद्दल एकमत, आणि त्यासाठी करायच्या कामाबद्दल एकमत. "बंध होता. काम उत्तम झालं. ध्येय कोणाचं होतं?" मला उत्तर द्यायची गरज पडली नाही. तिनं कधीच नकार द्यायचा आहे असं म्हटलं नव्हतं. तिला शिक्षण पुरं करायचं होतं.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. कुटुंब, रीत, संस्कृती यांचा फार आदर करू लागले. बायकांना 'थोडं सांभाळून घ्या' म्हणू लागले आणि त्याला सांस्कृतिक भान असं नाव दिलं. त्यातून मला ओढून काढलं ते हिंसाग्रस्त स्त्रियांबरोबर वर्षानुवर्षं काम केलेल्या एका बाईंनी. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी 'दिलासा' केंद्र सुरू केलं. स्त्री दवाखान्यात येते तिथंच तिच्याशी हिंसेबद्दल बोलायचं, हा विचार तेव्हा नवा होता. मुंबईतल्या एका कार्यशाळेत या बाई त्याबद्दल बोलत होत्या. मी उठून संस्कृतीचा मुद्दा काढला. बाईंनी शांतपणे विचारलं, "तिच्या घरात संस्कृती कोण ठरवतं? तिला विचारलंत, की नवऱ्याला?" मग म्हणाल्या, "ठाम बोलायला शिकवा नाहीतर नका शिकवू. पण ती तुमच्या खोलीतून घरी जाणार आहे, हे तुमच्या खोलीत बसून आधी बोलून घ्या."

म्हणून अर्जात तिसरा प्रश्न आहे: 'आज इथं बोललात ते घरी कळलं तर काय होईल?' तो विचारताना मला अजूनही त्या सुनेचा सरावातला आवाज ऐकू येतो. फार छान जमलं होतं तिला.

चौथा प्रश्न गोव्याचा. तिथं 'संगत' ही संस्था १९९६ पासून काम करते. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवायचं आणि त्याचा परिणाम काटेकोर तपासायचा, असं त्यांनी केलं. चोवीस ठिकाणी झालेल्या त्यांच्या 'मानस' अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. पुढे नैराश्यासाठी त्यांनी सहा ते आठ भेटींची एक साधी पद्धत बसवली. त्यात आजाराची नावं चिकटवण्यापेक्षा लोकांच्या तोंडचा 'टेन्शन' हाच शब्द वापरला. हे समुपदेशक एकमेकांच्या सेशनची ध्वनिफीत ऐकून एकमेकांना गुण देतात, हे वाचून माझ्या गुरुपणाला तडा गेला होता. गोव्यातच अशा प्रकारचं काम केलेल्या एका ताईंशी गप्पा झाल्या. मी विचारलं, पहिल्या भेटीत सगळ्यात अवघड काय? त्या हसून म्हणाल्या, "आमची मुलाखत. लोक आधी आम्हालाच विचारतात: कुठल्या, कोणाच्या, लग्न झालंय का, हे काम कशाला करता. पास झालो तरच पुढं बोलतात." आम्हाला शिकवलं होतं की असे प्रश्न आले तर ते हळूच परतवून लावायचे. त्या ताई उत्तरं देत होत्या. जेवढी द्यावीशी वाटतील तेवढी. आता अर्जाच्या शेवटी लिहिलेलं असतं: 'तुम्हाला मला काय विचारायचं आहे?'

उरला पहिला प्रश्न. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो लिहायला जड जातो.

२००८ मध्ये एका जिल्ह्याच्या गावी अठरा जणांचा वर्ग होता. मी पॉल पीडरसनची पद्धत शिकवत होते. भिन्न संस्कृतींतल्या समुपदेशनाचं प्रशिक्षण देण्यासाठी ती त्यांनी बसवली. समुपदेशक आणि क्लायंट समोरासमोर बसतात आणि तिसरा माणूस क्लायंटच्या मनातलं, जे तो तोंडावर कधी बोलणार नाही ते, मोठ्यानं बोलतो. समुपदेशक मी झाले. एक विद्यार्थिनी क्लायंट झाली. तिच्या मागं खुर्ची टाकून एक तरुण बसला. कॉलेजात घड्याळी तासिकेवर शिकवणारा, वर्गात फारसा न बोलणारा.

मी सुरुवात केली. "या, बसा. तुमचं पूर्ण नाव सांगाल?"

मागून आवाज आला, "आलं आडनाव. आता गाव विचारेल. मग गावात घर कुठल्या अंगाला ते. तीन प्रश्नांत हिला सगळं कळणार, आणि मग ही म्हणणार, आम्ही तसलं काही मानत नाही."

वर्ग हसला आणि लगेच गप्प झाला. मी म्हणाले, "नाव विचारण्यामागे माझा हेतू..."

"आता ही समजावून सांगतेय," मागचा आवाज म्हणाला.

मला पुढं काही सुचेना. चहाची सुट्टी दिली. तो व्हरांड्यात एकटा उभा होता. मी गेल्यावर म्हणाला, "मॅडम, मी भूमिकेत होतो."

"नव्हता," मी म्हणाले.

तो थोडा वेळ कपात बघत राहिला. "नव्हतो."

आपल्याकडे आडनाव सांगितलं की जात सांगून होते. हे मला माहीत नव्हतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? माझ्या आडनावानं माझ्यासाठी किती दारं मी न ठोठावता उघडली, ते मला मोजावं लागलं नव्हतं इतकंच. इतकी वर्षं मी विनाअट स्वीकार शिकवत होते, आणि त्याची सुरुवात अशा प्रश्नानं करत होते की समोरच्याला आधी स्वतःची अट हजर करावी लागे. संस्कृतीतला फरक हा विषय मी क्लायंटच्या खात्यात टाकून ठेवला होता. कोणत्या समाजात डोळ्याला डोळा देत नाहीत, कुठल्या घरात कोण आधी बोलतं, अशा याद्या मी वर्गात सांगायचे. जेरार्ड ईगनच्या 'द स्किल्ड हेल्पर'मधलं समोर बसा, पुढे झुका, नजर मिळवा हे शिकवून झालं की 'ग्रामीण स्त्रिया नजर मिळवत नाहीत' अशी पुस्ती जोडायचे. एकदा एका महिला सरपंचानं सबंध तासभर माझ्याकडे रोखून बघत ती पुस्ती निकालात काढली होती. तरी याद्यांत कुठेच मी नव्हते. ज्या खुर्चीवरून मी बघत होते ती खुर्चीसुद्धा कुठल्या तरी वस्तीतली आहे, हे त्या आवाजानं मला पहिल्यांदा ऐकवलं.

त्या रात्री झोप आली नाही. भूकंपातले चाळीस अर्ज आठवत बसले. पहिल्या रकान्यात 'पूर्ण नाव' होतंच. पण मला टोचलं ते वेगळंच. आमचा ट्रक थांबला तिथल्या शेडांच्या ओळी आम्ही घेतल्या. पलीकडे, जरा अंतर सोडून, आणखी एक ओळ होती. तिकडे कोण राहतं हे कुणी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तिकडे आमच्यातलं कुणीही गेलं नव्हतं. त्या ओळीतल्या कुणाची भिंत कशी होती, ते माझ्या कुठल्याच पानाच्या मागं लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज त्या तरुणापुढे ठेवला. म्हटलं, तुम्हीच सांगा इथं काय लिहायचं. त्यानं 'पूर्ण नाव' खोडलं आणि वर लिहिलं: 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' म्हणाला, "ज्याला आडनाव सांगायचंय तो सांगेल." तोच प्रश्न आज छापील अर्जावर पहिला आहे. मराठीत तो आणखी एका कारणानं लागतो. इंग्रजीत रॉजर्सला सगळ्यांसाठी एकच सर्वनाम पुरलं. आपल्याला पहिल्या वाक्याआधीच तू, तुम्ही, ताई, काका, मावशी यांतून निवड करावी लागते, आणि त्या निवडीत वय, जात, पैसा, बाई-पुरुष सगळं उरकून जातं. ती निवड आता समोरच्याच्या हातात आहे. एका आजोबांनी एकदा सांगितलं, "मला मास्तर म्हणा. तीस वर्षं कोणी म्हटलं नाही." त्यांचं अर्धं दुःख पहिल्याच रकान्यात आलं.

तो तरुण पुढे समुपदेशक झाला नाही. त्याला एका शाळेत कायमची नोकरी लागली. दिवाळीला एक मेसेज येतो, मी उत्तर पाठवते. त्याचे मी कधी आभार मानलेले नाहीत. त्या दिवशी जे सोसून तो ते वाक्य बोलला त्याबद्दल आभार मानणं म्हणजे पुन्हा माझंच समाधान, असं वाटतं. 'वाटतं' म्हणजे विचार की भावना, ते सरांना विचारायला आता सर नाहीत.

पहिल्या दिवशीच्या संध्याकाळी, सगळे थकलेले असताना, मी दोन किलो न निवडलेली तूरडाळ वर्गात आणते. किराणा दुकानदाराला मुद्दाम सांगून मोकळ्या पोत्यातली घ्यावी लागते. पाकिटातल्या डाळीत हल्ली खडे मिळत नाहीत. जोड्या करून विद्यार्थी जमिनीवर बसतात, मध्ये ताट किंवा सूप. सूचना एकच: काही विचारायचं नाही. पहिली पाच मिनिटं खिदळण्यात जातात. मग आवाज खाली येतात. विसाव्या मिनिटाला कुठल्या तरी ताटाशी कुणीतरी न विचारता बोलायला लागलेलं असतं, आणि समोरच्याचे हात खडे वेचत असतात. संपल्यावर मी म्हणते, आता अर्ज पालथा करा आणि ऐकलंत ते लिहा. मागचं पान का कोरं आहे, ते मग कुणी विचारत नाही.

डाळ कुणीतरी घरी नेतं. खडे मी ठेवते. टेबलावर काचेच्या बरणीत साठवलेत. दरवर्षी एखादा विद्यार्थी ती उचलून बघतो आणि म्हणतो, "मॅडम, एवढे निघाले?" मी त्याला सांगते, पलीकडच्या ओळीतले अजून यात नाहीत.